तारा तुटणे : वर्धा परिसरातील आकाशवाचनाचा एक भाषिक-वाङ्मयीन विचार

१. विषयप्रवेश

लोकसाहित्याच्या अभ्यासात ओवी, उखाणा, म्हण, कहाणी आणि विधिगीत या प्रकारांना आता निश्चित स्थान प्राप्त झाले आहे. त्यांच्या संकलनाच्या पद्धती ठरल्या असून वर्गीकरणही बऱ्याच अंशी स्थिरावले आहे. मात्र लोकजीवनातील असा एक मोठा संहितासमूह आहे, की ज्याकडे मराठी विभागांचे लक्ष क्वचितच गेले. तो म्हणजे रात्रीचे आकाश. खेड्यातील माणूस आकाशाकडे केवळ पाहत नाही, तो ते वाचतो. या वाचनाला नामे आहेत, क्रियापदे आहेत, कथा आहेत आणि काही ठिकाणी बुद्ध्या पाळलेले मौनही आहे. हे सर्व भाषेत घडत असल्यामुळे तो खगोलशास्त्राइतकाच वाङ्मयाचाही विषय ठरतो.

प्रस्तुत लेखात वर्धा जिल्हा आणि त्याच्या सभोवतीचा विदर्भ डोळ्यांसमोर ठेवून या आकाशवाचनातील एकाच घटकाचा, म्हणजे तुटणाऱ्या ताऱ्याचा, विचार करावयाचा आहे. मांडावयाचा मुद्दा थोडक्यात असा : लोकभाषेने स्थिर आकाशाला नामे दिली आणि ती घरातून व शेतातून घेतली, तुटणाऱ्या ताऱ्याला मात्र तिने नाम दिले नाही, केवळ क्रियापद दिले. या व्याकरणिक भेदामागे एक जीवनदृष्टी आहे. ती समजून न घेता तुटणाऱ्या ताऱ्याविषयीच्या समजुतींना ‘अंधश्रद्धा’ म्हणून बाजूला सारणे किंवा ‘लोकप्रतिभा’ म्हणून त्यांचे कौतुक करणे, या दोन्ही भूमिका अपुऱ्या ठरतात.

२. स्थिर आकाश आणि त्याची नामे

सप्तर्षी हे नाव पोथीतले व पाठ्यपुस्तकातले. विदर्भातील खेड्यात त्याच सात ताऱ्यांपैकी चौकोनातले चार तारे म्हणजे बाज (खाट) आणि मागचे तीन म्हणजे चोर. बाज म्हातारीची आहे आणि चोर ती पळवावयास टपले आहेत. मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंडांच्या खगोलविषयक परंपरांवर २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हीच कल्पना नोंदविलेली आहे. वर्धा जिल्ह्यात गोंड आणि कोलाम या समाजांची वस्ती आहे. मराठी भाषक शेतकरी आणि हे समाज यांचे आकाश येथे एकमेकांत मिसळलेले दिसते. कोणी कोणाकडून घेतले, हा प्रश्न सोडविण्याची घाई करू नये.

या कथेची रचना पाहण्यासारखी आहे. सप्तर्षींच्या दैनंदिन गतीत चौकोन पुढे असतो आणि तीन तारे मागे. वर्ध्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे पावणेएकवीस अंश उत्तरेस, हे तारे उगवतात आणि मावळतात. बाज आधी उगवते, चोर मागून येतात. मावळतानाही बाज आधी जाते. चोरी रोज आरंभली जाते आणि रोज अपुरी राहते. कथा रचणाऱ्याने ताऱ्यांची गती नीट पाहिली होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते. आणखी एक गोष्ट. सप्तर्षी संध्याकाळनंतर आकाशात उंच येतात ते चैत्र-वैशाखात. विदर्भातील उन्हाळ्यात घरात निजणे अशक्य होते, बाजा अंगणात येतात. म्हणजे बाजेवर उताणे पडलेल्या माणसाला वर बाज दिसते. येथे उपमेय आणि उपमान यांत पाहणाऱ्याच्या पाठीएवढेच अंतर उरते.

दुसरे उदाहरण मृग नक्षत्राचे. त्याच्या मधोमध एका ओळीत असलेल्या तीन ताऱ्यांना ग्रामीण मराठीत ‘तिकांडे’ म्हणतात. हा शब्द ‘त्रिकांड’ या शब्दाचे तद्भव रूप होय. ऐतरेय ब्राह्मणातील कथेत मृगरूप घेतलेल्या प्रजापतीला मृगव्याध बाणाने विंधतो. त्या तीन पेरांच्या बाणाला तेथे ‘इषुस्त्रिकाण्डा’ असे म्हटले आहे. वैदिक वाङ्मयातील एक पारिभाषिक शब्द ब्राह्मणग्रंथाचे नावही न ऐकलेल्या गुराख्याच्या तोंडी टिकून राहावा, ही भाषेच्या अभ्यासकाला थांबून विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. गोंडांच्या आकाशात याच ठिकाणी नांगर आहे. एका परंपरेने तीन ताऱ्यांत शिकार पाहिली, दुसरीने शेती पाहिली. तारे मात्र तेच आहेत.

याच नक्षत्राच्या निमित्ताने एका विसंगतीकडे लक्ष वेधावयाचे आहे. शेतकऱ्याच्या बोलण्यात ‘मृग’ येतो तो जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर. ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला. सूर्य ज्या नक्षत्रात असतो ते नक्षत्र रात्री दिसत नाही. म्हणजे ज्या दिवसांत मृगाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, त्याच दिवसांत मृग आकाशात अदृश्य असतो. तो दिसतो हिवाळ्यात. ज्या महिन्याची पौर्णिमा त्याच्याजवळ होते त्या मार्गशीर्षात तर रात्रभर. पण तेव्हा त्याला कोणी मृग म्हणत नाही. तेव्हा तो तिकांडे असतो. रोहिणी, मृग, आर्द्रा, तरणा, म्हातारा ही पंचांगातून आलेली पावसाची नावे ऐकून माहीत असतात, तर बाज, तिकांडे ही नावे डोळ्यांनी पाहून. एकाच शेतकऱ्याच्या शब्दसंग्रहात ही दोन आकाशे शेजारी शेजारी नांदतात आणि बहुधा एकमेकांना ओळखत नाहीत. आकाशविषयक शब्दांचे संकलन करताना हा भेद न पाळल्यास नोंदींचा गोंधळ होतो.

स्थिर आकाशाची लोकनामे अशा प्रकारे घरातली आणि शेतातली आहेत. ती उपयोगाचीही होती. कापसाच्या गाड्या रात्री जुंपून हिंगणघाटच्या किंवा वर्ध्याच्या बाजाराला निघावयाच्या, पिकाच्या राखणीसाठी जागलीला जावयाचे, पहाटे मोट धरावयाची, ही सर्व कामे घड्याळावाचून चालत. ‘तिकांडे डोक्यावर आले’, ‘शुक्राची चांदणी उगवली’ ही विधाने म्हणजे वेळ सांगण्याची वाक्ये होत.

३. तुटणारा तारा आणि त्याचे क्रियापद

या पार्श्वभूमीवर तुटणाऱ्या ताऱ्याकडे पाहावे. बोलीत त्यासाठी स्वतंत्र नाम नाही. ‘तारा तुटला’ किंवा ‘चांदणी तुटली’ असे म्हणतात. धूमकेतूला ‘शेंडेनक्षत्र’, ‘शेपटीचा तारा’ अशी नावे लाभली, कारण तो काही रात्री राहतो, त्याला बोट दाखविता येते. तुटणारा तारा बोट उचलण्यापूर्वीच नाहीसा होतो. जे दाखविता येत नाही त्याला नाव पडत नाही. त्याविषयी केवळ ‘घडले’ असे सांगता येते. म्हणून येथे क्रियापद आले.

परंतु हेच क्रियापद का, असा प्रश्न उरतो. ‘पडणे’, ‘धावणे’, ‘सरकणे’ ही क्रियापदेही उपलब्ध होती आणि दृश्याचे वर्णन म्हणून ती अधिक नेमकी ठरली असती. ‘तुटणे’ या क्रियापदाला एक पूर्वअट असते : तुटणारी वस्तू आधी कशाला तरी जोडलेली असली पाहिजे. धागा तुटतो, माळ तुटते, फळ देठापासून तुटते, नाते तुटते. लिखित मराठीत रूढ असलेला ‘निखळणे’ हा पर्यायही याच जातीचा आहे. कोंदणातून खडा निखळतो. ‘तारा तुटला’ म्हणताना बोलणारा नकळत असे गृहीत धरतो, की प्रत्येक तारा कशाला तरी बांधलेला आहे. मराठीत आयुष्यालाही दोरी असते. ताऱ्याचे तुटणे आणि आयुष्याची दोरी तुटणे यांच्यामध्ये फार अंतर नाही. ‘तारा तुटला, म्हणजे कोणीतरी गेले’ ही समजूत वेगळी शिकवावी लागत नाही, ती क्रियापदातच साठविलेली आहे.

या समजुतीभोवती वर्तनाचे काही संकेत आहेत. तुटता तारा दिसल्यास बोलू नये, दुसऱ्याला दाखवू नये, देवाचे नाव घ्यावे, थुंकावे, अशा गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या प्रकारे सांगितल्या जातात. तपशील बदलला तरी त्यांच्यातील समान सूत्र वाणीच्या नियमनाचे आहे. जे नाम नसलेले आहे त्याविषयी बोलणेही आवरावयाचे. लोकसाहित्याच्या अभ्यासकाने ‘काय म्हणतात’ याबरोबर ‘कोठे गप्प बसतात’ हेही नोंदविले पाहिजे, याचे हे चांगले उदाहरण आहे.

या समजुतीला मागासलेपणाचे लक्षण मानण्यापूर्वी सुशिक्षितांनी स्वतःच्या गद्याकडे पाहावे. एखादा ज्येष्ठ लेखक, नट किंवा पुढारी निवर्तला, की दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात ‘तारा निखळला’ हे शब्द हमखास येतात. महाविद्यालयांतील शोकसभांचे ठरावही याला अपवाद नाहीत. विज्ञानाच्या तासाला जी समजूत चुकीची म्हणून शिकविली जाते, तिच्याच आधाराने मराठीच्या तासाला शोक व्यक्त होतो. येथे कोणाचा दंभ उघडा पाडावयाचा नाही. लोकरूपक मरत नाही, ते श्रद्धेच्या पातळीवरून वाक्प्रचाराच्या पातळीवर उतरते आणि तेथे दीर्घकाळ काम करीत राहते, एवढेच दाखवावयाचे आहे.

याच लोकमानसात दुसरी एक कल्पनाही आहे. घरातले माणूस गेले, की लहान मुलाला सांगतात, ‘आजी चांदणी झाली.’ एका कल्पनेत मृत्यूने तारा नाहीसा होतो, दुसरीत मृत्यूने तारा निर्माण होतो. वरवर पाहता हा अंतर्विरोध वाटतो. पण दोन्ही वाक्यांचे वक्ते आणि श्रोते वेगळे आहेत. पहिले वाक्य कोण गेले हे ठाऊक नसताना उच्चारले जाते आणि त्यात धास्ती असते. दुसरे कोण गेले हे ठाऊक असताना उच्चारले जाते आणि त्यात सांत्वन असते. लोकश्रद्धांची सुसंगती तर्कात न शोधता प्रसंगात शोधावी लागते.

४. ‘उल्का’ : शास्त्रपरंपरेतील नाम

नाम नाही असे वर म्हटले ते लोकभाषेपुरते. संस्कृत परंपरेत ‘उल्का’ हे नाम आहे आणि त्यामागे तपशीलवार शास्त्रही आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत उल्कालक्षणाचा स्वतंत्र अध्याय असून धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् आणि तारा असे पाच प्रकार सांगितले आहेत. तेथे उल्केची जी उपपत्ती येते ती या चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. स्वर्गात आपल्या पुण्याचे फळ भोगून झाल्यावर जे खाली पडतात, त्यांची रूपे म्हणजे उल्का, असा तिचा आशय. पुण्य सरल्यावर मृत्युलोकात परत यावे लागते, या गीतेच्या नवव्या अध्यायातील विचाराशी तिचे नाते उघड आहे; आणि तो विचार ज्ञानेश्वरांनी मराठी श्रोत्यांपुढे सविस्तर उलगडला आहे.

आता लोकसमजूत आणि ही उपपत्ती शेजारी ठेवून पाहू. लोकसमजुतीत पृथ्वीवर कोणी मरतो, म्हणून वर तारा तुटतो. कारण खाली आहे, परिणाम वर. शास्त्रपरंपरेत वर कोणाचे पुण्य संपते, म्हणून तो खाली येतो. कारण वर आहे, परिणाम खाली. एकीत तुटणारा तारा निरोपाचा आहे, दुसरीत तो परतण्याचा आहे. बाह्य दृश्य एकच असताना दोन परंपरांनी त्याची दिशा उलट वाचली. ‘भारतीय मानसात उल्का अशुभ मानली जाते’ अशा सरधोपट विधानात हा भेद पुसला जातो. दोहोंतही अशुभाचा अंश असला तरी त्याचे कारण निराळे आहे.

नाम आणि क्रियापद यांतील फरकाचा एक परिणाम आधुनिक मराठीत दिसतो. वि. स. खांडेकरांच्या १९३४ मधील कादंबरीचे आणि तिच्या नायिकेचे नाव ‘उल्का’ आहे. मराठी घरांतून मुलींचे हे नाव पुढे परिचित झाले. ‘तुटलेली चांदणी’ हे मुलीचे नाव म्हणून कोणी कल्पिणारही नाही. ‘उल्का’ मात्र चालते, आवडते. संस्कृत नामाने दृश्यातले तेज घेतले आणि तुटणे गाळले. तत्सम शब्द भयाला सुसह्य करतो, हे येथे स्पष्ट होते.

खगोलाचे ज्ञान ललित मराठीत आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातील त्यांच्या ‘ज्योतिर्विलासा’चे दुसरे नाव ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे आहे. आकाशाकडे मौजेने पाहता येते, ही भूमिकाच त्या शीर्षकातून व्यक्त होते. जागलीवरचा माणूस आकाशाकडे पाही तो वेळ समजण्यासाठी. दीक्षितांचा वाचक पाही तो वेळ घालविण्यासाठी. मराठी आकाशवाङ्मयाचा पुढचा प्रवाह प्रायः या दुसऱ्या वाटेने गेला. कुसुमाग्रजांच्या ‘पृथ्वीचे प्रेमगीत’ या कवितेत आकाशस्थ ज्योती पृथ्वीचे प्रेमी होतात, तेव्हा खगोलाचे ज्ञान आणि मानवी भावना यांचा मेळ पूर्ण झालेला दिसतो. पण त्या आकाशात बाज नाही आणि तिकांडेही नाही.

५. तुटत्या ताऱ्यांचा सण आपल्याकडे का नाही?

युरोपात तुटत्या ताऱ्यांना ठरलेली तिथी आहे. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात ययाती तारकासमूहातून होणारा उल्कावर्षाव तेथे संत लॉरेन्सच्या सणाशी जोडला गेला आणि त्या उल्कांना त्या संताचे अश्रू म्हटले गेले. इच्छा मागण्याची चाल तेथे लोकप्रिय होण्यास अशी ठरलेली, उबदार आणि निरभ्र रात्र अनुकूल ठरली असावी.

वर्ध्याच्या आकाशाचे गणित वेगळे आहे. ययातीचा वर्षाव १२-१३ ऑगस्टच्या सुमारास शिखरावर येतो, तेव्हा येथे श्रावणाच्या आगेमागेचे ढग असतात. हिवाळ्यातील मिथुन राशीतला वर्षाव, म्हणजे १३-१४ डिसेंबरचा, येथे उत्तम दिसू शकतो आणि आज तो वर्षातील सर्वांत समृद्ध वर्षावांपैकी एक आहे. परंतु त्याची नोंद प्रथम १८६० च्या दशकातील आहे आणि तेव्हा तो क्षीण होता. विसाव्या शतकात त्याचे प्रमाण वाढत गेले. नोव्हेंबरमधील सिंह राशीतला वर्षाव सुमारे तेहतीस वर्षांच्या अंतराने भरास येतो. एका माणसाच्या आयुष्यात तो फार तर दोन-तीनदा अनुभवास यावयाचा. याचा अर्थ असा, की या प्रदेशात तुटत्या ताऱ्यांची ठरावीक रात्र परंपरेला मिळालीच नाही. तारा केव्हाही, न कळविता तुटे. जे ठरलेल्या वेळी येते त्याचा सण होतो. जे अवचित येते त्याचा शकुन होतो. लोकसमजुतीच्या घडणीत हवामानाचा वाटा किती असतो, हे यावरून लक्षात यावे.

इच्छा मागण्याची कल्पना अलीकडे वर्ध्याच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतही परिचित आहे. ती मुख्यतः चित्रपटांतून आली असे मानण्यास जागा आहे. १९९८ मधील ‘कुछ कुछ होता है’ या चित्रपटातील ‘टूटता तारा’ अनेकांना आठवेल. लक्षणीय बाब ही, की क्रियापद तेच राहिले आणि फल उलटले. आजी ज्या वाक्यावर देवाचे नाव घेई, त्याच वाक्यावर नात डोळे मिटून काही मागते. कल्पना आयात झाली तरी तिला जुन्याच शब्दाच्या घरात उतरावे लागले.

६. आश्रमाचे आकाश

वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात आणखी एका आकाशाचा उल्लेख आवश्यक आहे. येरवड्याच्या तुरुंगात असताना १९३२ मध्ये गांधीजींना आकाशदर्शनाची गोडी लागली आणि आश्रमवासीयांसाठी त्यांनी त्यावर लिहिलेही. या छंदाशी काका कालेलकरांचे नाव निगडित आहे. साताऱ्यास जन्मलेले, गुजरातीत श्रेष्ठ निबंधकार ठरलेले कालेलकर ताऱ्यांचे जाणते प्रेमी होते. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला आले. त्याच वर्षी वर्ध्यास राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली, आणि कालेलकरांचे कार्यक्षेत्रही काही काळ वर्धा हेच होते.

या आकाशात भय नाही आणि कामाची वेळही नाही. तेथे आकाश हे चित्तशुद्धीचे साधन आहे, भिंतींच्या आत असलेल्या माणसाला मिळालेले मोकळे क्षेत्र आहे. एकाच तालुक्यात, एकाच दशकात, सेवाग्रामच्या अंगणात निजलेला आश्रमवासी आणि शेजारच्या शेतात जागल करणारा शेतकरी एकाच ताऱ्यांखाली होते. एकाला तेथे परमेश्वराची विभूती दिसत होती, दुसऱ्याला रात्र किती उरली ते. आश्रमाच्या आकाशावर लिहिले गेले, ते छापले गेले. शेतकऱ्याचे आकाश बोलले गेले, आणि बोलणाऱ्याबरोबर ते जात आहे.

७. २ एप्रिल २०२२ : शब्द अपुरा पडला तेव्हा

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्या दिवशी संध्याकाळी काळोख पडल्यावर विदर्भाच्या मोठ्या भागात आणि मध्य प्रदेशाच्या काही जिल्ह्यांत आकाशातून जळत्या तुकड्यांची एक रांग जाताना असंख्य लोकांनी पाहिली. अनेकांनी तिचे चित्रण केले. त्यानंतर चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी येथे धातूचे एक मोठे कडे पडलेले आढळले. परिसरात धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चिनी ‘लाँग मार्च ३बी’ अग्निबाणाचा टप्पा वातावरणात परतताना जळाला असावा, असे जोनाथन मॅकडॉवेल या खगोलशास्त्रज्ञांनी सुचविले.

आरंभी अनेकांनी याला उल्कावर्षाव म्हटले, आणि बातम्यांतही तो शब्द आला. वास्तविक नुसत्या डोळ्यांनीही फरक कळण्यासारखा होता. उल्का सेकंदाला किमान ११ किलोमीटर आणि अधिकात अधिक सुमारे ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. ती बहुधा क्षणात विझते. पृथ्वीभोवती फिरणारी मानवनिर्मित वस्तू सेकंदाला ७-८ किलोमीटर वेगाने, तिरकस, संथपणे येते. तिचे तुकडे होतात आणि ते एकाच दिशेने, एकमेकांना समांतर, बराच वेळ जात राहतात. भाषेच्या बाजूने पाहता, ते दृश्य ‘तुटणे’ या क्रियापदात बसत नव्हते. तुटणे एका क्षणाचे असते आणि एका ताऱ्याचे असते. येथे मिरवणूक जात होती. जुना शब्द लागू नव्हता, पाठ्यपुस्तकातला शब्द चुकीचा होता, आणि तिसरा शब्द कोणापाशी नव्हता.

या घटनेच्या शेजारी दहा वर्षांपूर्वीची दुसरी घटना ठेवावी. २२ मे २०१२ रोजी दुपारी वर्धा जिल्ह्याला लागून असलेल्या नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे खराखुरा अशनीपात झाला. स्फोटासारखे आवाज ऐकू आले आणि अनेक तुकडे मिळाले. पुढे त्या दगडांत पृथ्वीच्या खोल गर्भात असणाऱ्या ब्रिजमनाइट या खनिजाचे अंश आढळले. हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पण काटोलला तारा ‘तुटला’ असे म्हणावे असे काही नव्हते, कारण दिवस होता आणि तारे नव्हते. जे खरोखर आकाशातून पडले ते ताऱ्यासारखे दिसले नाही. जे ताऱ्यांसारखे दिसले ते माणसानेच वर पाठविले होते.

विदर्भातील सर्वांत मोठ्या पातालाही हाच न्याय लागू होतो. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशनीच्या आघाताने झाले. लोकपरंपरेत मात्र तेथे लवणासुराची कथा आहे आणि त्याचा वध करणाऱ्या दैत्यसूदनाचे मंदिर आहे. तो पात कोणी सांगितला नाही. खड्डा पाहून कथा रचली गेली. लोकमानस तुटणे वरून वाचते आणि पडणे खालून. त्या दोहोंना एकाच घटनेत जोडण्याचे काम विज्ञानाने केले. ते काम श्रेष्ठच आहे. परंतु त्यासाठी पहिल्या वाचनाला खोटे ठरवावे लागत नाही.

८. संकलन व अध्यापन : काही सूचना

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयावर क्षेत्रीय काम करावे, अशी अपेक्षा आहे. त्या दृष्टीने चार सूचना कराव्याशा वाटतात.

पहिली, हे संकलन रात्री आणि उघड्यावर करावे. दिवसा ओसरीवर बसून ‘तुमच्याकडे ताऱ्यांना काय म्हणतात?’ असे विचारल्यास पंचांगातली किंवा शाळेतली नावे मिळतात. आकाश समोर असताना, निवेदकाच्या बोटामागे पाहत विचारल्यास दुसरीच नावे मिळतात. ताऱ्याची ओळख पटवून तिथी, वेळ आणि दिशा नोंदवावी. त्याशिवाय नोंद निरुपयोगी ठरते.

दुसरी, नामांइतकेच क्रियापदांकडे लक्ष द्यावे. ‘याला काय म्हणता?’ या प्रश्नाबरोबर ‘आता काय झाले?’ हाही प्रश्न विचारावा. उच्चार जसाच्या तसा टिपावा. वर्धा नदीच्या दोन्ही काठांवर वऱ्हाडी आणि नागपुरी बोली एकमेकींत मिसळतात. ‘चांदणी’ची ‘चांदनी’ कोठे होते, ‘तारा’ कोठे पुल्लिंगी व कोठे स्त्रीलिंगी आहे, हेही नोंदीत यावे.

तिसरी, निवेदक कोण हे पाहावे. रात्रीची कामे बदलली आहेत, पण संपलेली नाहीत. रानडुक्कर व रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी आजही जागल होते. कृषिपंपांना रात्रीच्या पाळीत वीज मिळाली, की गहू-हरभऱ्याला पाणी द्यावयास रात्री शेतात जावे लागते. मात्र आज हातात विजेरी असते आणि नजर जमिनीवर असते. घड्याळ खिशातल्या दूरध्वनीत आले आहे. म्हणून साठीच्या पुढील स्त्री-पुरुष हेच या शब्दसंपदेचे प्रमुख धनी आहेत. अंगणात बाज टाकण्याची चाल आणि काळोख ही दोन्ही कमी होत असताना या कामाला फार अवधी उरलेला नाही.

चौथी सूचना अध्यापकांसाठी. १३-१४ डिसेंबरची रात्र विद्यार्थ्यांना गावाबाहेर नेण्यास सोयीची आहे. त्या रात्री शास्त्राचा अध्यापक आणि मराठीचा अध्यापक दोघेही बरोबर असावेत. धूलिकण वातावरणात तापून सुमारे शंभर किलोमीटर उंचीवर कसा उजळतो, हे पहिल्याने सांगावे. त्याच उजेडाला आपल्या आजीने ‘तुटणे’ का म्हटले, हे दुसऱ्याने सांगावे. पहिले न सांगणे ही फसवणूक होईल, आणि दुसरे न सांगितल्यास विद्यार्थी घरी जाऊन आजीला केवळ चुकीची ठरवील.

९. समारोप

स्थिर ताऱ्यांना लोकभाषेने घरातल्या वस्तूंची नावे देऊन आपलेसे केले, आणि जे आपलेसे करता आले नाही त्यासाठी एक क्रियापद राखून ठेवले. त्या क्रियापदात तारा आणि माणूस दोघेही कशाला तरी बांधलेले आहेत, अशी जाणीव आहे. शास्त्रदृष्ट्या तुटणाऱ्या ताऱ्याचा ताऱ्याशी काही संबंध नाही, हे निर्विवाद आहे. पण ते वाक्य ताऱ्याविषयी कधीच नव्हते. ते पाहणाऱ्याविषयी होते. दूरच्या एका उजेडाने कोणा अनोळखी माणसाच्या मरणाची आठवण व्हावी आणि क्षणभर बोलणे थांबावे, ही त्या समजुतीतील माणुसकी आहे. तिची नोंद बोलणारे आहेत तोवरच होऊ शकते, आणि ती करणे हे मराठी विभागांचे काम आहे.